वाचकांचे प्रश्न : धोमच्या पाण्यावरचा एक आठवडा

(धोम धरणाच्या पाण्यात गळवाल्यांना बोटीतून नेणारे वाई तालुक्यातले एक वाटाडे या पानावर वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : आमचा बेदाण्याचा धंदा आहे. शेवटचा माल कोल्ड स्टोअरेजला लावला आणि मेहुणा व दोन मुलांना घेऊन एका धरणावर गळानं मासे धरायला गेलो. तीन दिवसांची बोट ठरवली, निम्मा इसार दिला. पहिल्या दिवशी दुपारी वारं येणार म्हणून बोटवाल्यानं अर्ध्यातूनच काठाला आणलं. दुसऱ्या दिवशी ऐन पाण्यात इंजिन बंद पडलं, वल्ही मारत परतलो. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन असताना ‘आज बोट काढत नाही’ म्हणाला. इसाराचं विचारलं तर गप्प. माणूस कामचुकार होता की आम्ही फसलो?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : बोट माझी नव्हती, पण असाच आठवडा माझ्याही वाट्याला आला होता, तोही मे महिन्यातच. त्यामुळे काही ठिकाणी मी त्या बोटवाल्याची बाजू घेणार आहे आणि एका ठिकाणी अजिबात घेणार नाही. आधी माझा आठवडा सांगतो, म्हणजे त्याच्या तीन दिवसांत काय काय झालं असेल याचा तुम्हाला अंदाज येईल.

माझी बोट सोळा फुटी, फायबरची. मागं पंधरा हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन. गळवाले तीन आणि मी चौथा, त्याहून जास्त माणसं मी घेत नाही. रॉड फिरवायला जागा लागते. त्या सोमवारी पुण्याची तीन माणसं होती. पहाटे साडेपाचला निघालो, नऊपर्यंत एक चांगला कटला आणि सात-आठ चिलापी झाल्या. परतताना मशीन अर्ध्या स्पीडला नीट चालत होतं, पण मूठ पूर्ण पिळली की घुसमटायचं, दोन-तीन आचके द्यायचं आणि बसायचं. काठावर येऊन प्लग काढले, ओले होते. नवे टाकले, मशीन लागलं. मला वाटलं, दुखणं गेलं.

मंगळवारी वळवानं गाठलं. धोमचं खोरं असं आहे की वरच्या अंगाला महाबळेश्वरचे डोंगर आणि कमळगड, एका बाजूला पाचगणीचं पठार आणि मधे उघडं पाणी. उन्हाळ्यात सकाळी पाण्यावर सुरकुती नसते. दुपारी जमीन तापली की घाटाकडून वारं सुटतं आणि खोऱ्यातून सरळ खाली भिंतीकडं येतं. त्यात वळवाचा ढग असला तर पावसाच्या आधी गार वाऱ्याचा झोत येतो. तो झोत बोटीला जास्त धोक्याचा, पाऊस त्यामानानं काहीच नाही. त्या दिवशी दीड वाजता कमळगडाच्या मागं ढग उभा राहिला. भरल्या ज्वारीच्या कणसासारखा, दाणा न् दाणा ठासलेला. खालून काळा. मी गळ गुंडाळायला सांगितले. त्यातले एकजण म्हणाले, “मामा, अजून थेंबसुद्धा नाही पडला.” मी मशीन सुरू केलं. काठाला बोट बांधली आणि पाच-सात मिनिटांत झोत आला. बांधलेल्या बोटीत मागच्या बाजूनं लाटा आत येत होत्या.

विजेचा माझा हिशेब असा आहे. चमकल्यापासून आवाज येईपर्यंत आकडे मोजायचे. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे तीस मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत पडते आहे. तेवढ्यावर गुंडाळायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्याकडं फिरकायचं नाही. उघड्या पाण्यावर सगळ्यांत उंच वस्तू म्हणजे बोटीतली माणसं, आणि आता त्यांच्या हातात कार्बनचे रॉड असतात. कार्बनमधून वीज वाहते. फोनवर दामिनी नावाचं ॲप आहे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेनं काढलेलं. जवळपास वीज पडत असली की ते सांगतं. मी ते ठेवलंय, पण खोऱ्यात रेंज कुठं असते, कुठं नसते. म्हणून आकडे मोजणं सोडलेलं नाही.

तुम्ही बेदाण्याचे. रॅकवर माल असताना पश्चिमेला काळं दिसलं तर शेडची ताडपत्री सोडायला तुम्ही पहिल्या थेंबाची वाट बघता का? तुमच्या बोटवाल्यानं पहिल्या दिवशी तेच केलं. त्यात कामचुकारपणा नाही. तुम्हाला सुखरूप आणणं हेच त्याचं त्या दुपारचं काम होतं.

आता बुधवार, आणि इथं चूक माझी. मशीनचं आचके देणं परत सुरू झालं होतं, म्हणून कार्बोरेटर खोलला. जेट साफ केले, तारेनं नाही, हवा मारून. तारेनं जेटचं भोक मोठं होतं. मग घरी पाण्यानं भरलेल्या पिंपात मशीन बुडवून तासभर चालवलं. एकदाही अडखळलं नाही. मी समाधानानं झोपलो. पिंपातल्या मशीनची टाकी जमिनीवर स्थिर होती, बोटीतली टाकी लाटेवर हिंदकळते, हा फरक माझ्या डोक्यात आला नाही.

गुरुवारी कोल्हापूरचे एक गृहस्थ आणि त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी होती. अकराच्या सुमाराला वारं थोडं लवकर उठलं. मधल्या पाण्यात मशीन बसलं. रबरी फुगा दाबून पेट्रोल चढवलं, दोरी ओढत राहिलो, तळहाताला फोड आला. तोवर वाऱ्यानं बोट पलीकडच्या अंगाला नेली, आणि तिथं पाण्याखाली आमची जुनी शेती आहे. धरणात जमीन गेली तेव्हा वडिलांनी तिच्या खुणा मनात धरून ठेवल्या होत्या, पुढं बोटीत बसवून मला दाखवल्या: पिंपळाच्या टेकाडापासून सरळ खाली तीन ताली, म्हणजे शेताचे दगडी बांध. मेमध्ये पाणी उतरलं की वरची ताल हातभर पाण्याखाली येते, दिसत मात्र नाही. मशीन शेवटी लागलं, मी घाईनं मूठ पिळली आणि पंखा त्याच तालीला बसला.

त्यानंतर मशीन किंचाळत होतं आणि बोट जागची हलत नव्हती. पंख्याच्या मधे रबराचा बुश असतो. दगड लागला तर गिअर तुटू नये म्हणून तो निसटतो, त्याचं कामच ते. एकदा निसटला की जोरात पिळल्यावर शाफ्ट नुसता आत फिरतो, पण अगदी हळू चालवलं तर पकड धरतो. तसंच, मुंगीच्या पावलांनी, वीस मिनिटांची वाट आम्ही दीड तासात आलो. ती मुलगी पुढं पालथी पडून वल्ह्यानं खोली बघत होती आणि “दगड, उजवीकडं घ्या” असं ओरडून सांगत होती. काठाला लागल्यावर मी तिच्या वडिलांना सगळे पैसे परत दिले, वर कोल्हापूरचं गाडीभाडंही. ते घेत नव्हते. मी त्यांच्या खिशात घातले.

शुक्रवारी आकाश धुतल्यासारखं होतं. साताऱ्याची मंडळी येणार होती. पहाटे पाचला फोन करून सांगितलं, “आज बोट नाही. बुश बदलता येईल, पण मशीन का बसतंय ते मला अजून कळलेलं नाही.” ते चिडले. स्वाभाविक आहे, शेजारच्या गावातनं वारं नाही, ऊन आहे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

मग मी टाकीच्या अगदी तळातलं पेट्रोल नळीनं लोणच्याच्या काचेच्या बरणीत काढलं आणि ओट्यावर ठेवून चहा घेतला. चहा संपेपर्यंत बरणीत दोन थर झाले. वर टू-स्ट्रोक ऑइलमुळं हिरवट दिसणारं पेट्रोल, खाली दोन बोटं पाण्यासारखा थर, आणि मधे सुतानं आखावी तशी रेघ. वरच्या थरात बोट बुडवलं तर चिकट लागलं. खालचं नळीनं वेगळं काढून बोटांवर चोळलं. तेलाचा अंशसुद्धा नव्हता.

हे का होतं ते नीट सांगतो, कारण फवारणीचा पंप, गवत कापायचं मशीन असलेल्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याकडच्या कारखान्यांत उसापासून होतं तेच. गाडीत पेट्रोल आठवड्यात संपतं, तिथं काही जाणवत नाही. पण इथेनॉल ओल ओढून घेतं. टाकी अर्धी रिकामी, झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा, आणि त्यावर वळवाचे दोन पाऊस, की पाणी आत येतं. थोडं पाणी पेट्रोलमध्ये मिसळून राहतं. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून तळाला बसतात, आणि ऑइल वर पेट्रोलबरोबर राहतं. बोट स्थिर असताना नळीला वरचं पेट्रोल मिळतं. लाटेनं टाकी हलली किंवा मशीननं जास्त ओढलं की तळातलं येतं. मशीन बसतं, आणि टू-स्ट्रोक असेल तर तेवढा वेळ ते ऑइलशिवाय फिरतं. चार दिवस मी प्लग आणि जेट बदलत होतो, आणि त्याच चार दिवसांत पिस्टन धरला असता. वाईट हवा हे एक दुखणं आणि मशीन हे दुसरं, असं मी धरून चाललो होतो. मशीनमध्ये जे शिरलं ते त्या हवेतूनच आलं होतं. झाकणावरचा तो स्क्रू आदल्या आठवड्यात मीच उघडा ठेवला होता.

शनिवारी टाकी सुकवली, नळी बदलली, पारदर्शक वाटी असलेला फिल्टर बसवला (त्यात पाणी डोळ्यांना दिसतं), पंख्याला नवा बुश टाकला आणि एकटाच लाटेत जाऊन दोन तास फिरून आलो. रविवारी गिऱ्हाईक घेतलं.

आता तुमचा बोटवाला. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं, असं तुम्ही लिहिलं आहे. तो उन्हामुळं थांबला नव्हता. आदल्या दिवशी बंद पडलेल्या मशीनचं कारण हाती नसताना दोन मुलांना पाण्यात न्यायचं नाही, असं त्यानं ठरवलं असेल तर त्याचं बरोबर आहे. चुकला तो गप्प बसण्यात. पैशाचा माझा रिवाज सांगतो: वाऱ्यापावसानं अर्ध्यातून परत यावं लागलं तर अर्धे पैसे परत किंवा दुसरी तारीख, गिऱ्हाईक म्हणेल ते. मशीन बंद पडलं तर पूर्ण परत, कारण मशीन सांभाळणं माझं काम. आणि बोट काढलीच नाही तर इसार त्याच दिवशी परत, मागायची वेळ येऊ न देता. तुम्ही त्याला फोन करा आणि इसाराच्या आधी विचारा, “इंजिनात शेवटी काय सापडलं?” सापडलं ते सांगितलं तर हिशेब करून पुढच्या हंगामाची तारीख घ्या. ‘काही नाही, झालं आपोआप नीट’ म्हणाला तर त्याच्या बोटीत मुलांना बसवू नका.

प्रश्न : मी जुनं पंधरा हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड (बोटीच्या मागं लावायचं मशीन) घेतोय. विकणारा म्हणतो, एका ओढीत सुरू होतं. काय बघू?
– एक तरुण, कराड

उत्तर : सुरू करायच्या आधी वरच्या झाकणावर हात ठेव. गरम असेल तर त्यानं तू यायच्या आधी चालवून ठेवलंय. गारच दाखव म्हणावं, उद्या येतो. गरम मशीन कुणाच्याही हातानं लागतं.

मग खालच्या गिअरचं ऑइल. तळाचा स्क्रू थोडा सैल कर. स्वच्छ ऑइल आलं तर ठीक. ताकासारखं पांढरट आलं तर सीलमधून पाणी शिरतंय, आणि गिअर उघडायचा खर्च किमतीतून कमी करून घे. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, गेजनं मोजून घे. आकडा किती येतो यापेक्षा दोन्हींचे आकडे जवळजवळ सारखे येतात का हे बघ. एक बराच खाली असेल तर ते मशीन सोड, मग रंग कितीही नवा असो.

पाण्यात चालवलं की मशीन गार ठेवणाऱ्या पाण्याची धार मागच्या बारीक भोकातून पडते. तिच्यावर नजर ठेव. बारीक झाली, तुटक झाली, तर ते पाणी ओढणारं आतलं रबरी चाक, म्हणजे इम्पेलर, झिजलाय किंवा वाटेत गाळ आहे. इम्पेलर स्वस्त असतो, तो नवाच टाकून घे. आणि विकणारा जमिनीवर, पाण्याशिवाय ‘फक्त आवाज ऐकवतो’ म्हणाला तर थांबव. तो इम्पेलर पाण्यावरच गार राहतो, कोरडा काही सेकंद फिरला तरी जळायला लागतो.

ऑइलचं प्रमाण मशीनच्या पुस्तकात असेल तेच धर. पन्नासास एक लिहिलं असेल तर लिटरला वीस मिली, दहा लिटरला दोनशे. अंदाजानं बाटली उपडी करू नकोस. नंबर कोरलेली पट्टी शाबूत आहे का, बिलावरचा नंबर तोच आहे का, हेही बघ. पट्टी खरवडलेली असेल तर फुकट दिलं तरी घेऊ नकोस.

प्रश्न : नातू नऊ वर्षांचा आहे. उन्हाळ्यात कृष्णेत पोहायला शिकला, आता बिनभोपळ्याचा पोहतो. त्याचे मामा त्याला बोटीतून नेणार आहेत. लाइफ जॅकेट घालायलाच हवं का? तो नको म्हणतो.
– एक आजी, सांगली

उत्तर : हो आजी, काठापासून काठापर्यंत. तो घाटावर पोहतो तेव्हा उघड्या अंगानं, तयारीनं, पायरी जवळ असताना उतरतो. बोटीतून माणूस पडतो तो कपड्यांसकट, बेसावध, कधी डोक्याला कड लागून. मोठ्यांचं जॅकेट दोरीनं आवळून घालू नका, ते पाण्यात वर सरकतं आणि पोर खालून निसटतं. वजनाप्रमाणं मुलांचं मिळतं, मांड्यांमधून पट्टा असलेलं घ्या. घरीच घालून जॅकेटच्या दोन्ही खांद्यांना धरून वर उचलून बघा. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते मोठं आहे. आणि मामांनाही घालायला लावा. मामानं घातलं की भाचा नको म्हणत नाही, हे मी रोज बघतो.

प्रश्न : पावसाचे ढग आले की मासा जास्त लागतो म्हणतात. मग बोटवाले नेमके त्याच वेळी परत का फिरतात?
– एक वाचक, सातारा

उत्तर : लागतो, हे मी पाहिलं आहे. ऊन झाकलं जातं, वाऱ्यानं पाणी ढवळतं, काठाकडचे किडे पाण्यात पडतात, आणि मासा वर येतो. ढग येऊन काहीच न लागलेले दिवसही मी तेवढेच पाहिले आहेत. पण लागत असतानाच परत फिरावं लागतं, कारण वीज त्याच वेळी येते. गिऱ्हाइकाच्या रॉडला मासा असताना “दोर कापा” म्हणायची वेळ माझ्यावर दोनदा आली. दोन्ही वेळा कापायला लावला.

तुम्हाला खरा चांगला वेळ सांगतो: पाऊस थांबून, गडगडाट गेल्यानंतरची सकाळ. ओढ्यातून लाल पाणी धरणात उतरतं तिथं, लाल आणि निळ्या पाण्याच्या शिवेवर गळ टाका. गांडूळ लावा, कणकेचा गोळा त्या पाण्यात विरघळतो. मात्र त्या पाण्यात मासेमारीचा ठेका ज्या सोसायटीकडं असेल तिची परवानगी आधी घ्या, आणि अभयारण्याच्या हद्दीतलं पाणी असेल तर गळ गाडीतच ठेवा.

एक विनंती. पावसाच्या सुरुवातीला काठच्या गवतात पाण्यावर केशरी-तांबूस ठिपक्यांचा झुबका हलताना दिसेल. ती मरळीची पिल्लं असतात, खाली आई-बाप राखणीला असतात आणि पिल्लांजवळ आलेल्या कशावरही झडप घालतात, गळावरसुद्धा. तिथं ती हमखास लागते, म्हणून तिथं टाकू नका. राखण गेली की तासाभरात बाकीचे मासे तो झुबका संपवतात. मी पाऊस लागला की बोट वर ओढून उपडी घालतो, टाकी पूर्ण रिकामी करून, झाकणाचा स्क्रू घट्ट आवळून. दसऱ्यानंतर या.